लाईट गेल्यावर आपणहून उभा राहणारा क्लस्टर: दोन मिनी पीसी, एक रास्पबेरी पाय आणि केथ्रीएस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ आंबा पॅकिंगचं युनिट, मागण्या घेणारं एक वेब ॲप, शीतगृहाच्या तापमानाची नोंद ठेवणारी एक छोटी सेवा आणि या दोघांच्या मागे एक पोस्टग्रेस डेटाबेस. हाताशी दोन जुने मिनी पीसी, एक रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा संगणक, पुढे नुसता 'पाय'), फायबरचं कनेक्शन आणि मोबाईलचा डोंगल. कुबरनेटीस (अनेक मशीनवर ॲप चालती ठेवणारी प्रणाली) लावावं का, दोन सर्व्हर ठेवले तर एक बंद पडल्यावर दुसरा सांभाळेल का, आणि ॲप तिथे बसवायला हेल्म वापरावं की आर्गो?

यातले पहिले दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत, तिसरा त्या मानाने सोपा. पण खरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही. मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरसाठी लिहिलेल्या सगळ्या मार्गदर्शिका 'एक नोड पडला' (नोड म्हणजे क्लस्टरमधलं, एकत्र जोडलेल्या मशीनच्या गटातलं, एक मशीन) असं धरून चालतात. आपल्या किनाऱ्यावर एक नोड क्वचितच पडतो. पडतात ते तिन्ही एकदम, कारण लाईट गेलेली असते. आणि लाईट परत येते तेव्हा इंटरनेट आलेलं असेलच असं नाही. नाक्यावरच्या पेटीची बॅटरी उतरलेली असते नाहीतर झाड पडून फायबर तुटलेली असते. तेव्हा तुमच्या क्लस्टरची कसोटी एकच: सगळं एकदम बंद पडल्यावर, इंटरनेट नसताना, कुणीही कीबोर्डला हात न लावता तो उभा राहतो का? खालचं सगळं त्या हिशेबाने लिहिलंय. आज्ञा आणि पर्याय नावाने सांगतो, नेमकं लेखन केथ्रीएसच्या (कुबरनेटीसची छोट्या मशीनसाठीची हलकी आवृत्ती) कागदपत्रांत मिळेल.

आधी, कुबरनेटीस हवंच का? ते तुमच्यावर आहे. ऐन एप्रिलमध्ये अर्धा तास ॲप बंद राहिलं तर चालणार असेल, तर एका मिनी पीसीवर डॉकर कंपोज (एकाच मशीनवर कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासह बांधलेली ॲप, चालवायचं साधन), दुसरा तयार ठेवलेला बदली, आणि रोजचा बॅकअप, एवढं पुरे. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. त्याच्या एक पायरी वर: एक केथ्रीएस सर्व्हर (व्यवस्थापन करणारं मशीन) आणि बाकीचे एजंट (नुसते कंटेनर चालवणारी मशीन). यात क्लस्टरची माहिती एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये राहते. सर्व्हर बंद पडला तरी एजंटवरचे कंटेनर चालूच राहतात, फक्त नवीन बदल होत नाहीत. अनेक छोट्या जागांना एवढंच लागतं. तीन सर्व्हरचा खटाटोप तेव्हाच करावा, जेव्हा कोणतंही एक मशीन दुरुस्तीला गेलं तरी काम थांबून चालणार नाही, आणि हे सगळं समजणारा माणूस कायम जागेवर नसतो.

दोन सर्व्हरबद्दल स्पष्ट सांगतो: नको. केथ्रीएस एकापेक्षा जास्त सर्व्हरवर चालवताना, बाहेरचा डेटाबेस जोडला नाही तर, त्याच्या पोटात ईटीसीडी (क्लस्टरची माहिती सगळ्या सर्व्हरवर सारखी ठेवणारा डेटाबेस) असतं आणि त्याला प्रत्येक नोंदीसाठी बहुमत लागतं. तिघांत बहुमत दोनचं, म्हणजे एक गेला तरी चालतं. दोघांतही बहुमत दोनचंच, म्हणजे कोणताही एक गेला की व्यवस्थापन ठप्प. दोन सर्व्हर एकापेक्षा कमी भरवशाचे ठरतात, कारण आता बिघडू शकणारी मशीन दोन आहेत. बहुमत गेलं तरी चालू असलेले कंटेनर लगेच मरत नाहीत, पण नवीन काही सुरू होत नाही की हलत नाही. तीनपैकी दोन मशीन कायमची गेली तर उरलेल्यावर 'क्लस्टर रीसेट' चालवून त्याला एकट्याला उभं करता येतं.

म्हणजे तिसरा सदस्य हवा. सगळ्यात बरं, तिसराही वापरलेला मिनी पीसी घ्या: चार कोर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. पायच वापरायचा असेल तर चार गोष्टी पाळा. एक, एसडी कार्डावर ईटीसीडी ठेवू नका. ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करून पुढे जातं. हे काम साधारण १० मिलिसेकंदांच्या आत व्हावं अशी अपेक्षा असते. कार्ड त्याला पुरं पडत नाही, तिघांतला नेता (नोंदींचा क्रम ठरवणारा सदस्य) सारखा बदलत राहतो आणि कार्डही लवकर मरतं. यूएसबीवर एसएसडी लावा. दोन, पायच्या बूट ओळीत मेमरी सीग्रुप (मेमरीची मोजदाद ठेवणारी लिनक्सची सोय) चालू करा, नाहीतर केथ्रीएस सुरूच होणार नाही. तीन, पायची चिप एआरएमची आणि मिनी पीसीची इंटेलची. तुमची इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो ती बांधलेली फाइल) दोन्हींसाठी बांधलेली नसेल तर कंटेनर 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणून पडेल. सोपा उपाय म्हणजे पायवर टेंट ('इथे काम पाठवू नका' अशी खूण) लावून ॲपला तिकडे जाऊच देऊ नका, त्याला फक्त मतदार ठेवा. चौथी गोष्ट घड्याळाची.

पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. बंद पडण्याआधी शेवटची जी वेळ डिस्कवर नोंदवलेली असते, तिथून तो पुढे मोजायला लागतो. सहा तास लाईट नसेल तर तो सहा तास मागे. इंटरनेट असेल तर वेळ जुळते, नसेल तर नाही. शीतगृहाच्या नोंदी चुकीच्या वेळेने पडल्या तर त्या नोंदींचा उपयोगच संपला. जुन्या मिनी पीसीची गत वेगळी: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मग नोडची ओळख पटवणारं प्रमाणपत्र 'अजून वैध झालेलं नाही' अशी तक्रार येते आणि नोड्स एकमेकांशी बोलत नाहीत. सेल स्वस्त आहे, सगळे मिनी पीसी उघडून आजच बदला. दोन्ही मिनी पीसींवर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) लावा, त्यातल्या एकाला 'लोकल स्ट्रॅटम १०' देऊन घरातला वेळ-सर्व्हर करा, आणि पायने त्याच्याकडून वेळ घेईपर्यंत केथ्रीएस सुरू होऊ नये असा क्रम सिस्टिमडीत (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) घाला.

सेल बदलताना बायोसमध्ये जाऊन एक पर्याय तपासा: वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं. तिथे बहुधा 'बंद राहा' नाहीतर 'आधी होतं तसं' असं असतं. 'पॉवर ऑन' करा. पुढचं सगळं बिनचूक लावून हा एक पर्याय राहिला, तर लाईट आल्यावर कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत क्लस्टर नाही.

आता वीज. तीन छोटी मशीन, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा मिळून निवांत असताना साधारण ६० वॉट धरा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. नवी असताना अर्धा-पाऊण तास, दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या निम्मंही नाही. घराघरांत असतो तो १५० एएचचा इन्व्हर्टर हा भार दहा-बारा तास ओढू शकतो. तो साइन वेव्हचा असावा आणि मागचा खटका यूपीएस मोडवर असावा; दुसऱ्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या क्षणात मिनी पीसी रीस्टार्ट होतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या मागे छोटा यूपीएस जोडला तर तो येणारी वीज खराब समजून बॅटरीवरच बसून राहतो आणि संपतो.

इन्व्हर्टरची बॅटरी संपत आल्यावर मशीन शिस्तीत बंद व्हायला हवीत. यूएसबीवाला यूपीएस असेल तर एनयूटी हा प्रोग्रॅम हे काम करतो. घरगुती इन्व्हर्टरला यूएसबी नसते. तिथे एक युक्ती चालते: एखादा जुना राउटर इन्व्हर्टरवर न लावता थेट मुख्य विजेवर लावा आणि केबलने स्विचला जोडा. तो पिंगला उत्तर देईनासा झाला म्हणजे लाईट गेली. सलग समजा पाच तास उत्तर नाही, तर नोड्सनी स्वतःहून बंद व्हायचं. मात्र अशा बंद झालेल्या मशीनला 'पॉवर ऑन' पर्याय तेव्हाच उठवेल, जेव्हा इन्व्हर्टरही पूर्ण संपून वीज खरोखर तुटेल. त्याआधी लाईट आली तर मशीन झोपूनच राहतील. म्हणून तो राउटर परत उत्तर देऊ लागला की फायबरच्या डब्याजवळच्या, कायम चालू असणाऱ्या राउटरने वेक-ऑन-लॅनचा (बंद मशीनला केबलवरून जागं करणारा) संदेश पाठवावा अशी सोय करा. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली घातलेला कोणताही छोटा राउटर हे करतो. पायला वेक-ऑन-लॅन नाही, तर त्याला बंदच करू नका, त्याचा खप किरकोळ आहे.

नेटवर्कमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो पत्त्यांचा. लाईट आल्यावर मिनी पीसी राउटरच्या आधी तयार होतात. डीएचसीपीवर (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावर) असतील तर त्यांना पत्ता मिळत नाही, डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला मार्ग) नसतो, आणि केथ्रीएसला तो लागतो. पत्ता बदलला तर ईटीसीडीचा सदस्य हरवतो. तिन्ही नोड्सना हाताने कायमचे पत्ते आणि गेटवे द्या. शिवाय इंटरनेट कंपनीचा माणूस एक दिवस येऊन डबा बदलून जातो आणि आतली पत्तामालिका बदलते. म्हणून कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर ठेवा आणि क्लस्टर त्याच्याच जाळ्यात. ते जाळं १०.४२ आणि १०.४३ ने सुरू होणारं नसावं, त्या मालिका केथ्रीएस आत वापरतं. नोड्समध्ये फायरवॉल असेल तर ६४४३, १०२५०, २३७९ आणि २३८० टीसीपी, तसंच ८४७२ यूडीपी आपसात खुले हवेत. वायफायवर नोड जोडू नका; जांभ्याच्या भिंतीतून सिग्नल कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको.

केबलबद्दल दोन गोष्टी. पॅकिंग शेड आणि घर यांच्यामध्ये तांब्याची केबल असेल तर ती काढून फायबर टाका. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा हीच केबल दोन्ही टोकांची पोर्ट जाळते, आणि कातळावर चांगलं अर्थिंग मिळवणं मुळातच अवघड. दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची: आरजे४५ च्या पिना गंजल्या की लिंक तुटत नाही, फक्त गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर येते, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात. क्लस्टर उगाच मंद वाटायला लागला तर आधी ईथटूल या आज्ञेने वेग बघा. मशीन शीतगृहाच्या आत किंवा त्याच्या दाराशी ठेवू नका, दार उघडलं की दव धरतं. आणि नदी-खाडीकाठी असाल तर वरचा मजला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर यावर वाद नसावा.

केथ्रीएस बसवणं यात सगळ्यात कमी वेळाचं काम. तिन्हींवर एकच आवृत्ती नाव घालून ठरवा, 'जी नवीन असेल ती' असं सोडू नका. पहिल्या मिनी पीसीवर क्लस्टर-इनिट पर्यायाने सुरू करा, त्याचं टोकन (क्लस्टरला जोडायची गुप्त किल्ली) घ्या, दुसरे दोन सर्व्हर म्हणून जोडा. टीएलएस-सॅनमध्ये (प्रमाणपत्रातल्या पत्त्यांच्या यादीत) एक तरंगता पत्ता, म्हणजे कोणत्याही एका मशीनला न बांधलेला पत्ता, घाला आणि तो पत्ता दोन मिनी पीसींमध्ये कीपअलाइव्हडी या प्रोग्रॅमने फिरता ठेवा. ॲप उघडायला आणि क्लस्टर चालवायला सगळे तोच पत्ता वापरतील. कीपअलाइव्हडी क्लस्टरच्या बाहेर चालतं, म्हणून केथ्रीएस अडकलं तरी पत्ता जिवंत असतो. हे सगळं अन्सिबलच्या (मशीन आपोआप बसवणारं साधन) एका प्लेबुकात लिहून ठेवा. मशीन बदलावं लागेल तेव्हा काय काय केलं होतं ते आठवत बसायला नको.

आता ती जागा, जिथे इंटरनेट नसताना बहुतेक क्लस्टर अडतात: इमेज. इमेजचा टॅग (आवृत्तीची चिठ्ठी) 'लेटेस्ट' असेल आणि इमेज ओढायचं धोरण वेगळं लिहिलेलं नसेल, तर कुबरनेटीस ते 'ऑलवेज' धरतं. म्हणजे कंटेनर सुरू करताना दर वेळी रजिस्ट्रीला (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरला) विचारणार. इमेज डिस्कवर पडलेली असली तरी रजिस्ट्री गाठता आली नाही की 'इमेजपुलबॅकऑफ' ही तक्रार. म्हणून प्रत्येक इमेजला आवृत्तीचा पक्का टॅग आणि 'इफनॉटप्रेझेंट' (डिस्कवर नसेल तरच ओढा) हे धोरण. पण तेवढ्याने भागत नाही. डिस्क ८५ टक्के भरली की क्यूबलेट (प्रत्येक नोडवर कंटेनर सांभाळणारा भाग) त्या क्षणी न वापरल्या जाणाऱ्या इमेज पुसायला लागतं. रात्री चालणाऱ्या बॅकअप जॉबची इमेज दिवसा 'न वापरलेली'च असते, ती जाते, आणि रात्री नेट नसेल तर बॅकअप होत नाही. याची खबरही कुणाला लागत नाही. डिस्क निम्म्याहून जास्त भरू देऊ नका, आणि केथ्रीएसमधली अंतर्गत रजिस्ट्री चालू करा. तिच्यामुळे एका नोडवरची इमेज दुसरा नोड त्याच्याकडूनच घेतो. इमेज लहान ठेवा. डोंगलवरून ९०० एमबी ओढणं आणि ८० एमबी ओढणं यातला फरक तुम्हाला ऐन हंगामात कळेल.

स्वतःची रजिस्ट्री क्लस्टरच्या आत ठेवण्याचा मोह टाळा. थंड सुरुवातीला त्या रजिस्ट्रीलाच स्वतःची इमेज लागते.

डेटाबेससाठी लाँगहॉर्न (डिस्कवरच्या माहितीच्या प्रती अनेक नोड्सवर ठेवणारं साधन) सुचवलं जाईल. चांगलं आहे, पण दर लाईट जाण्यानंतर तीन प्रती पुन्हा जुळवण्यात तुमच्या छोट्या डिस्क आणि एकच स्विच गुंतून राहतात. इथे क्लाउडनेटिव्हपीजी (कुबरनेटीसवर पोस्टग्रेस सांभाळणारं साधन) घ्या: दोन मिनी पीसींवर पोस्टग्रेसची एकेक प्रत, दोन्ही आपापल्या डिस्कवर, एकीकडून दुसरीकडे सतत नक्कल. एक मशीन गेलं तर दुसरी प्रत मुख्य होते. ॲपच्याही दोन प्रती, दोन वेगळ्या मिनी पीसींवर. नोड गेल्याचं क्लस्टरला पाऊण-एक मिनिटात कळतं आणि तिकडे जाणाऱ्या विनंत्या थांबतात. पण त्यावरचे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) हलवायला मूळ सेटिंग आणखी पाच मिनिटं थांबतं. ती मुदत एक मिनिटावर आणली तर चालते. त्याखाली नको, नाहीतर स्विचने क्षणभर मान टाकली तरी सगळी धावाधाव सुरू होते.

सुरुवातीच्या क्रमाचाही एक त्रास आहे. ॲप पोस्टग्रेसच्या आधी सुरू होतं, जोडणी मिळत नाही, पडतं. परत सुरू होण्याआधीची वाट १० सेकंदांपासून दुप्पट होत पाच मिनिटांपर्यंत जाते. डेटाबेस केव्हाच तयार असतो आणि ॲप उगाच थांबलेलं. ॲपनेच जोडणीसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावेत, किंवा आधी डेटाबेसची वाट पाहणारा इनिट कंटेनर लावा.

हेल्म की आर्गो? हे एकमेकांचे पर्याय नाहीत. हेल्म सामान बांधतं, आर्गो किंवा फ्लक्स ते गिटमधून (बदलांची नोंद ठेवणाऱ्या कोठारातून) क्लस्टरवर पोहोचवतं. तुमच्यासाठी फ्लक्स, कारण ते आर्गोपेक्षा कमी मेमरी खातं आणि त्याला उघडायला वेगळं पान नाही, म्हणजे सांभाळायलाही नाही. दोन-तीन जणांना रंगीत पडद्यावर स्थिती बघायची असेल तर आर्गो घ्या, माझी हरकत नाही. दोन्हींचा खरा फायदा असा की क्लस्टर स्वतः बाहेर जाऊन बदल ओढतो. आपल्याकडच्या बहुतेक फायबर कनेक्शनांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून ढकलणारी पद्धत तशीही अडते. नेट नसेल तर फ्लक्स नुसतं थांबतं. आधी लागलेलं सगळं चालू राहतं. स्वतःच्या ॲपला कस्टमाइझ (साध्या फाइलींतून मांडणी करणारं साधन) पुरे, हेल्म चार्ट फक्त दुसऱ्यांच्या सामानासाठी. इमेज बाहेर बांधा, कमिटच्या क्रमांकाने टॅग करा. पासवर्ड गिटमध्ये सॉप्स आणि एज या साधनांनी कुलूपबंद ठेवा.

बॅकअप: ईटीसीडीचे स्नॅपशॉट केथ्रीएस दर १२ तासांनी घेतं आणि शेवटचे पाच ठेवतं, पण त्याच डिस्कवर. ते आणि पोस्टग्रेसचा डंप रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने बाहेर पाठवा. क्लस्टरचं टोकन, एजची किल्ली आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर, दुसऱ्या गावातल्या घरी. टोकन नसेल तर स्नॅपशॉटही परत लावता येत नाही.

आवृत्ती वाढवणं दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर, मग आंबा संपेपर्यंत हात लावायचा नाही. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात. मधली एकही न गाळता पायरी पायरीने चढा, दर पायरीला एकेक नोड ड्रेन (त्यावरची कामं हलवून रिकामा) करून. केथ्रीएसची आतली प्रमाणपत्रं एक वर्षाची असतात आणि मुदत जवळ आली असताना ते पुन्हा सुरू झालं की आपोआप नवी होतात. आपल्याकडे पुन्हा सुरू होण्याची कमतरता नसते, पण फेब्रुवारीत एकदा तारखा बघून घ्या.

भरवसा ठेवण्याआधी हे करा. फायबर काढा, डोंगल काढा, इन्व्हर्टर बंद करून तिन्ही मशीनची वीज एकदम तोडा. दहा मिनिटांनी वीज द्या आणि लांब बसा. शेडमधल्या फोनवरून तरंगत्या पत्त्यावर ॲप उघडायला दहा मिनिटांहून जास्त लागू नयेत. नोड दिसतच नसेल तर बायोस किंवा पत्ता. नोड आहे पण 'नॉटरेडी' असेल तर घड्याळ आणि प्रमाणपत्र. पॉड 'इमेजपुलबॅकऑफ' मध्ये असेल तर टॅग आणि धोरण. 'क्रॅशलूपबॅकऑफ' असेल तर डेटाबेसची वाट. अडलात तर नोड्सची यादी, पॉडची यादी आणि केथ्रीएसच्या जर्नलच्या शेवटच्या पन्नास ओळी पाठवा, आधी त्यातलं टोकन खोडून.